दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

सन १९९७च्या उन्हाळ्यात ‘मुरबाडचा मांडव’ ही लग्नगीतांची कॅसेट शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ज्या ज्या घरी तुटली, त्या त्या घरी ती एकाच जागी तुटली: दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात, बाईचा आवाज संपतो आणि पुरुषाचा सुरू होतो, त्या सांध्यात.

तुटलेल्या कॅसेटी भगीरथ निचितेच्या दुकानात येत. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाने शहापुरात एस.टी. स्टँडसमोर रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान का थाटावे, हे त्याच्या वडिलांना कधी उमगले नाही. भगीरथला मात्र बिघडलेली यंत्रे मनापासून आवडत. चालू यंत्र काहीच सांगत नाही. बंद पडलेले यंत्र आपले कारण पोटात घेऊन येते, असे त्याचे मत होते. दुकानाच्या पुढच्या फळीवर त्याची बायको हर्षाली कॅसेटी विकायला बसे. भगीरथ पार्ट आणायला कल्याणला गेला की मागचे टेबलही तिच्याच ताब्यात असे.

पहिल्या चार-दोन कॅसेटी त्याने सांधून दिल्या. मग त्याच्या लक्षात आले की आपण प्रत्येक वेळी फितीचा तोच बोटभर भाग कापून टाकतो आहोत. कॅसेटची फीत एका सेकंदात पावणेपाच सेंटिमीटर सरकते. एवढ्या मोठ्या लांबीत सगळ्या घरच्या फितींनी तुटण्यासाठी तोच अर्धा सेकंद निवडावा, हे त्याला फारच शिस्तीचे वाटले. योगायोगाला इतकी शिस्त नसते.

कॅसेट काढणारा जगदीश घरत मुरबाडचा. मंडप, स्पीकर आणि लाइटिंगचा त्याचा धंदा जोरात होता आणि आता त्याला संगीतात नाव काढायचे होते. एके सकाळी तो फटफटीवरून उतरला तोच बोलत.

“काय सायंटिस, लागला का शोध? का अजून पान्हाच शोधताय?”

“शोध चालू आहे.”

“मला लागला. हे बघा, तुटतं कुठं? गिरजाच्या गाण्यात. बाकीच्या गाण्यांत तुटतं? नाय तुटत. का? तर बाईचा आवाज खडा. वर गेली का टाचणीसारखी टोचते. पट्टी ताणते, ताणते, आनि संपताना खाट्!” जगदीशने दोन्ही हातांनी अदृश्य फीत तोडून दाखवली. “दुसऱ्या कॅसेटला मी हीरोइनचा आवाज बदलणार. ठाण्याची एक पोरगी बघितली हाय. मध. नुसता मध. अक्षय्यतृतीया झाली का रेकॉर्डिंग.”

“आवाजाने फीत ताणली जात नाही, जगदीशशेठ. फितीला कळतच नाही तिच्यावर आरती आहे की शिवी. ती फक्त चुंबकाची भुकटी आहे.”

“मंग तुटते कशानं?”

भगीरथने पुढची तुटलेली कॅसेट उघडायला घेतली. त्यामुळे वाद जगदीशने जिंकला, निदान अक्षय्यतृतीयेपर्यंत.

ही कॅसेट कशी तयार झाली, ते सांगायला हवे. तिच्यात सहा गाणी होती आणि पहिली पाच जगदीशने स्वतः जुळवली होती. त्या पाचांत नवरा जीप चालवतो, मिशीला पीळ देतो, मित्रांना पार्टी देतो आणि घोड्यावरून येतो. नवरी लाजते. एका गाण्यात विहिरीवर लाजते, एका गाण्यात आरशापुढे, आणि एका गाण्यात नवरा आसनगाव स्टेशनवरून घरी येईपर्यंत उंबऱ्यात बसून लाजते. डब्याच्या वेष्टनावर बैलगाडीला टेकलेली एक गोरीपान मुलगी होती. तिच्या कमरेवर कळशी होती, आणि ती ज्या कोनात धरली होती त्यात पाणी राहणे अशक्य होते. ही मुलगी मुंबईहून आली होती आणि फोटो काढून त्याच दिवशी परत गेली होती.

दुसऱ्या बाजूला काही मिनिटे उरली, म्हणून सहावे गाणे भरले. ते जगदीशचे नव्हते. सरळगावच्या बाजूची गिरजा हळदीला जे मांडवात गाते, तेच तिने माइकपुढे उभे राहून गायले. या भागात हळदीच्या संध्याकाळी दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसतात. नवरीकडच्या बायका गाण्यातून नवरदेवाची परीक्षा घेतात, नवऱ्याकडच्या बायका त्याच्या वतीने गाण्यातूनच उत्तर देतात, आणि ज्या बाजूला उत्तर सुचत नाही ती हरते. गिरजाचे प्रश्न आवणापासून, म्हणजे भाताच्या रोपांच्या लावणीपासून, सुरू होत आणि असे असत:

*चिखलात उतरशील का रं नवरदेवा, कंबर तुझी वाकंल का?*
*आवणाची मूठ धरशील का रं, का बांधावर बसून हाकशील का?*

असे चढत चढत ती शेवटच्या प्रश्नावर येई:

*मी गेले माहेरी चार दिसांला, चूल तुझी पेटंल का?*
*भाकर तव्यावर फुगंल का रं, का शेजारणीच्या दारी जाशील का?*

गाणे इथे संपत होते. पण शेवटचा शब्द बाईकडे राहिलेला जगदीशला बरा दिसेना. म्हणून त्याने स्वतःच्या आवाजात उत्तर जोडले. ते “अगं, गप गं नारी, लाजरीच बरी” असे सुरू होई आणि नवऱ्याची पायरी वरची कशी, हे बराच वेळ समजावून सांगे. हे आपले आयुष्यातले पहिले गायन असल्याचे तो भेटेल त्याला सांगत असे.

आवाज बदलण्याची बातमी मुरबाडच्या बाजारात गिरजाच्या कानावर गेली. ती थेट दुकानात आली. तिशीतली, उंच, हातात मिरच्यांची पिशवी.

“भाऊ, खरं सांगा. माजा गळा पट्टी तोडतो?”

“नाही.”

“मंग त्यांना सांगा ना.”

“सांगितलं. त्यांना कारण हवं आहे. नुसतं ‘नाही’ पुरत नाही.”

गिरजा फळीवरच्या वेष्टनाकडे बघत राहिली. “त्या दिशी टोकावड्याच्या जीपमधी बसलेली. डायवरनं हीच कॅसेट लावली. माजंच गाणं, आनि मी त्यातच दाटीत बसलेली. शेजारची बाई मला बोलते, काय गाते गो ही! मी बोल्ली, ही मीच. तिनं डब्यावरची पोरगी बघितलान, मला बघितलान, आनि पदर तोंडाला लावून हसली.” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मांडवात गायलेलं मांडव सोडला का गेलं. कॅसेटमधलं ऱ्हातं. फोटो नको मला. पन आवाज तरी ऱ्हाऊ द्या.”

“अक्षय्यतृतीयेच्या आत कारण काढतो,” भगीरथ म्हणाला. असे वचन देणे शास्त्रीय पद्धतीला धरून नव्हते.

त्याने प्रयोग मांडला. एका नव्या फितीवर गिरजाचे गाणे उतरवून घेतले. तशाच दुसऱ्या फितीवर तेच गाणे स्वतःच्या आवाजात भरले. त्या वेळी स्टँडवरचे दोन कुत्रे दुकानासमोर येऊन उभे राहिले, हे निरीक्षण त्याने हिशेबात धरले नाही. दोन्ही फिती दोन सारख्या यंत्रांत घालून दिवसचे दिवस वाजवल्या. दोन्ही तुटल्या नाहीत. हर्षालीच्या मते पहिली फीत तुटली नाही हा शास्त्राचा विजय होता आणि दुसरी तुटली नाही हा शेजाऱ्यांच्या सहनशीलतेचा.

जगदीशने निष्कर्ष ऐकला आणि एकच प्रश्न केला, “तुमच्या दुकानात नाय तुटत. लोकांच्या घरी तुटते. मंग?”

हा प्रश्न बरोबर होता, आणि तो जगदीशने विचारावा याचे भगीरथला दोन दिवस वाईट वाटले. घरात काहीतरी होत होते जे दुकानात होत नव्हते. म्हणून कॅसेट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारू लागला: किती वेळा लावता? कोण लावते? कशी थांबवता? उत्तरे एकमेकांशी इतकी जुळत होती की शंका घ्यायला जागा नव्हती. फारशी लावत नाय. दोनदा लावली असेल. रविवारी पाहुणे आले तेव्हा लावली, आणि आपोआप तुटली.

पण कॅसेट उघडली की आतला पुरावा वेगळे सांगे. फितीला मागून टेकू देणारा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, इवला तुकडा पार चपटा झालेला असे. दोन वेळा वाजवून नमदा असा होत नाही. त्याला महिनोन्महिने घासावे लागते. शिवाय दुरुस्तीला येणाऱ्या टेपरेकॉर्डरांतही एक नवेच दुखणे दिसू लागले. एरवी लोक वाजवण्याचे आणि बंद करण्याचे बटण झिजवतात. पॉजचे बटण बहुतेक घरांत कारखान्यातून आले तसेच कोरे असते. या उन्हाळ्यात पॉजच्या स्प्रिंगा ढिल्या होऊन येत होत्या.

माणसे एक सांगत होती, नमदा दुसरे सांगत होता. भगीरथने नमद्यावर विश्वास ठेवायचे ठरवले.

सापगावचा देवराम तिसऱ्यांदा तीच कॅसेट घेऊन आला, तेव्हा भगीरथ म्हणाला, “मला तुमच्या घरी येऊन यंत्र बघायचं आहे.”

“या की. रविवारी या. बाकी दिवशी मी सकाळची गाडी धरतो ते दिवेलागणीला घरी.”

रविवारी भगीरथ गेला. देवरामने टेपरेकॉर्डरवरचा भरतकामाचा रुमाल मानाने बाजूला केला, कॅसेट लावली, आणि दोघांनी मांडी घालून ती संपूर्ण ऐकली. जगदीशचे उत्तरसुद्धा शेवटपर्यंत ऐकले. फितीला काही झाले नाही. देवराम म्हणाला, “तुमाला बघून घाबरली वाटतं.” स्वयंपाकघरातून कोणीतरी हसले. भगीरथ चहा पिऊन घरी आला.

हर्षाली तांदूळ निवडत होती.

“मी सगळ्यांना विचारलं,” तो म्हणाला. “एकही सुटला नाही.”

“सगळ्यांना म्हंजे कोणाला?”

“कॅसेट घेऊन येणाऱ्यांना.”

“बाप्यांना,” हर्षाली म्हणाली आणि एक खडा बाहेर टाकला.

भगीरथने तिच्याकडे पाहिले. शहापूरला कामाधंद्याला येतो तो पुरुष, त्यामुळे कॅसेट आणतो तोही पुरुष. घरात यंत्र त्याच्या नावावर असते, पण सकाळच्या गाडीपासून दिवेलागणीपर्यंत तो त्या घरात नसतो. नमदा झिजतो तो त्या वेळात. दिवसा यंत्राजवळ कोण असते, हे आजवर त्याने एकालाही विचारले नव्हते. कोणी खोटे बोलले नव्हते. जी माणसे त्या जागी नव्हती, त्यांचीच साक्ष त्याने मोठ्या काळजीने गोळा केली होती.

“मंगळवारी दुपारी सापगावला जायचं,” तो म्हणाला. “तूही चल. भर दुपारी बायकांच्या घरी एकटा कसा जाऊ?”

“मी येऊ?” हर्षालीने सूप खाली ठेवले. तिचा चेहरा जत्रेला निघालेल्या माणसासारखा झाला होता. त्याचे कारण भगीरथला तेव्हा कळले नाही.

मंगळवारी निघताना दारात जगदीशची फटफटी उभी. “कुठं, सायंटिस? सापगावला? मी पन येतो. उद्या तुमी काय पन सांगाल. आनि ऐका, शुक्रवारी स्टुडिओ ठरवलाय. ठाण्याच्या पोरीला निरोप द्यायचा बाकी हाय. आज काय ते दाखवा, नायतर तिला बोलावतो.”

देवरामच्या घराच्या अलीकडे पेंढ्याची उडवी होती. तिथपर्यंत पोहोचताच पडवीतला गलका ऐकू आला. हर्षाली सरळ पुढे गेली. दोघे पुरुष उडवीशी थांबले, कारण आत इतक्या बायका होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती. देवरामच्या धाकट्या भावाची हळद जवळ आली होती. बायका दोन रांगांत समोरासमोर बसल्या होत्या आणि मध्ये रुमाल काढलेला टेपरेकॉर्डर होता. देवरामची बायको तानी यंत्राशी बसली होती, एक बोट पॉजवर आणि एक मागे फिरवण्याच्या बटणावर.

गिरजाचा आवाज पडवीत भरला. भाकर तव्यावर फुगंल का रं, का शेजारणीच्या दारी जाशील का? त्यानंतर जगदीशचा आवाज आला, “अगं—”

तानीचे बोट पडले. खट्.

समोरच्या रांगेतली बाळी उसळून उठली:

*चूल पेटंल, घर बी पेटंल, पानी भरून ठेव गो,*
*भाकर फुगो नायतर न फुगो, नवऱ्याचा गाल फुगंल गो!*

पडवी हादरली. एका बाईला हसता हसता ठसका लागला; शेजारणीने तिच्या पाठीत असा धपका मारला की ती आणखी हसू लागली. “हा चालंल! हा पक्का ठेव!” कोणी ओरडले. “परत लाव गो तानी, दुसरा जवाब काढू.” फीत किंचाळत मागे गेली. गिरजाने पुन्हा विचारले. “अगं—” खट्.

भगीरथ मान पुढे काढून बघत होता. यंत्राच्या आत काय होत असेल ते त्याला खटक्यावरूनच कळत होते: पॉज दाबला की रबराचा रोलर फितीपासून सुटत होता, पण ताण तसाच राहत होता. बोट उचलले की तोच रोलर त्याच जागी फितीला चिमटा काढत होता. आणि पॉज सोडायच्या आतच मागे फिरवले की फितीला तिथेच हिसका बसत होता. एका दुपारीत हे किती वेळा होत असेल, याचा हिशेब त्याने सुरू केला आणि सोडून दिला.

“पुढचं का नाय ऐकत?” उडवीआडून जगदीश न राहवून म्हणाला.

तानीने वर पाहिले. पाव्हणा ओळखीचा नव्हता. “पुढं काय नाय, दादा. पुढं एक बाप्या बडबडतो.”

“जवाब देतो तो!”

“कसला जवाब? चूल पेटंल का विचारलं, तर बोलतो गप ऱ्हा. हळदीला असा जवाब दिला तर आमी हरलो ना! आनि जवाब ज्यानं त्यानं आपला काढायचा असतो. कॅसेटमधला गायला तर समोरच्या बाया बोलतील, शिळा वाढला.”

“आवाज कसा वाटतो त्याचा?” जगदीशने विचारले. त्याच्या धैर्याचे भगीरथला कौतुक वाटले.

“काय म्हाईत,” तानी म्हणाली. “‘अगं’च्या पुढं कोणी ऐकलाच नाय.”

जगदीशचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचे ओठ हलू लागले. भगीरथने मनाची तयारी केली. पण जगदीशच्या पोटातून जे वर आले ते हसू होते, आणि ते आले तसे थांबेना. त्याने उडवीला पाठ टेकली. “गावोगाव,” तो डोळे पुसत म्हणाला, “शहापूर, मुरबाड, सगळीकडं... नुसतं ‘अगं’!”

तेवढ्यात पडवीत तानी म्हणाली, “हर्षाली, तू लाव गो आता, माजं बोट दुखलं.” हर्षाली यंत्राशी सरकली. तिचे बोट न चाचपडता पॉजवर गेले आणि ‘अगं’च्या ‘अ’वरच पडले. तानीपेक्षा ते अर्धे अक्षर लवकर होते. एवढी अचूकता एका दुपारीत येत नाही. दुकानातली नमुन्याची कॅसेट दोनदा तुटली होती, दोन्ही वेळा तो कल्याणला गेला असताना, आणि तो दोष त्याने दुकानातल्या यंत्राला दिला होता, हे भगीरथला आठवले. हर्षालीने मान वर केली, उडवीकडे पाहिले आणि खड्या आवाजात जवाब टाकला:

*भाकर ऱ्हायली काठवटीत, नवरा शिरला रेडिओत,*
*स्क्रू तळून वाढंल गो, पाव्हण्यांच्या ताटात!*

या वेळी पडवीपेक्षा उडवीकडचा हशा मोठा होता. त्यात भगीरथही होता.

परतताना तो तिला म्हणाला, “मला सांगायचं नाहीस?”

“मला काय ठाऊक, त्यानं तुटतं? तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं, दुपारी आमी काय करतो ते.”

शुक्रवारी स्टुडिओत गिरजा गेली. ठाण्याच्या मुलीला निरोप गेलाच नाही. दुसऱ्या कॅसेटमध्ये गिरजाचे प्रश्न दोन्ही बाजूंना होते, आणि प्रत्येक प्रश्नानंतर नुसती ढोलकी वाजत राही, एक जवाब गाऊन होईल एवढा वेळ. ही सूचना भगीरथची होती. ढोलकीच्या त्या जागांत स्वतः काहीतरी भरावे, असे जगदीशला एकदोनदा वाटले. गिरजाने त्याच्याकडे नुसते पाहिले. वेष्टनावर या वेळी तिचे नाव छापले. फोटोही तिचाच घ्यायचे ठरले, तेव्हा ती म्हणाली, “कळशी नको. कळशी अशी कोणी धरतं का?” ती कॅसेट पावसाळ्याआधी बाजारात आली आणि भरपूर वाजली. तिची एकही फीत ठरावीक जागी तुटून दुकानात आली नाही.

पहिल्या कॅसेटचे कारण भगीरथने जगदीशला दुकानात बसवून नीट सांगितले, कारण हसण्याच्या भरात कारण ऐकायचे राहून गेले होते. ते असे. गिरजाचा शेवटचा प्रश्न झाला की बायका आपले उत्तर गाण्यासाठी यंत्र थांबवत, आणि पुन्हा प्रश्न ऐकण्यासाठी फीत मागे नेत. थांबवण्याची जागा त्यांना पुरुषाचा आवाज सुरू झाला की कळे, म्हणून ती प्रत्येक घरी सारखीच होती. रोलरच्या चिमट्याने आणि मागे फिरण्याच्या हिसक्याने फीत तेवढ्या बोटभर जागी झिजत गेली आणि तिथे तुटली. बायका हे दिवसा करत, पुरुष दिवसा घरी नसत, आणि भगीरथने विचारले होते ते फक्त पुरुषांना. गिरजाच्या आवाजाचा फीत तुटण्याशी काही संबंध नव्हता.